जर्मनीत पहिली किपलाउफ किंवा दुनळी रायफल घेताना

जर्मनीत राहून शिकारीची परीक्षा पास झालेल्यांसाठी हा लेख आहे. परीक्षेत कायदा, जनावरं, कुत्री, रोगराई सगळं शिकवतात. रायफल कशी निवडायची हे मात्र बहुतेक ठिकाणी एका दुपारीत उरकतात. मग नवा माणूस दुकानात जातो. भिंतीवर बोल्ट ॲक्शनच्या, म्हणजे हातानं बोल्ट (खिट्टी) मागे-पुढे करायच्या रायफलींच्या रांगा असतात आणि कोपऱ्यात दोन-तीन नाजूक, आखूड, अक्रोडाच्या लाकडाच्या रायफली उभ्या असतात. एक बिजागरीवर उघडणारी एकनळी, म्हणजे किपलाउफ, आणि एखादी दुनळी. मन तिकडे जातं. जायलाच हवं, कारण युरोपातल्या बंदूककारांची सगळ्यात सुंदर कारागिरी तिथेच आहे. पण पैसे वाया जाण्याचा धोकाही तिथेच सगळ्यात जास्त आहे.

माझं सांगणं एवढंच: आधी रान ठरवा, मग काडतूस, मग अंगाला बसणारा दस्ता, आणि शेवटी कंपनी. दुकानात हा क्रम नेमका उलटा होतो.

## १. आधी कागद आणि तिजोरी

रायफल बघायला जाण्याआधी हे हाताशी हवं:

- चालू वर्षाचा यागडशाइन (शिकारीचा परवाना) आणि ओळखपत्र किंवा पासपोर्ट
- राहण्याचा परवाना आणि पत्त्याची नोंद
- शिकारीच्या दायित्व विम्याचा पुरावा
- तिजोरीची पावती आणि आतल्या प्रमाणपट्टीचा फोटो
- शस्त्रनोंद कार्ड (वाफेनबेझित्सकार्टे) आधीच असेल तर ते, आणि राष्ट्रीय शस्त्रनोंदणीतले तुमचे क्रमांक

यागडशाइनवर लांब नळीची शिकारी बंदूक विकत घेता येते, त्यासाठी वेगळी पूर्वपरवानगी लागत नाही. घेतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शस्त्र कार्यालयात नोंद करायची असते. ही मुदत कडक आहे.

नव्यानं देशात आलेल्यांना एक गोष्ट सहसा उशिरा कळते. शस्त्रकायद्याच्या चौथ्या कलमानुसार, तुमचं जर्मनीतलं वास्तव्य किमान पाच वर्षांचं नसेल तर कार्यालय परवाना नाकारू शकतं. नाकारतंच असं नाही, पण अधिकार त्यांच्याकडे आहे. म्हणून बयाणा देण्याआधी कार्यालयात लेखी विचारून घ्या.

तिजोरी ईएन ११४३-१ मानकाची, किमान श्रेणी ० ची लागते. जुलै २०१७ पासून नव्यानं घेणाऱ्यांना हाच नियम आहे. त्याआधीची पातळ पत्र्याची ए आणि बी श्रेणीची कपाटं स्वस्तात विकायला दिसतात, ती घेऊ नका. तिजोरी शक्यतो आकडी कुलुपाची घ्या. २०२३ साली म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयानं सांगितलं की तिजोरीची किल्लीही शस्त्राइतक्याच सुरक्षित जागी ठेवली पाहिजे. म्हणजे किल्लीसाठी दुसरी तिजोरी! आकडी कुलूप घेतलं की हा प्रश्नच उरत नाही.

## २. तुमचं रान कोणतं?

मचाणावर बसून संध्याकाळी रे हरणाची वाट बघणार, की आल्प्सच्या उतारावर गाम्सच्या (डोंगरी रानबकऱ्याच्या) मागे चालणार, की नोव्हेंबरातल्या हाक्यात पळत्या रानडुकरावर बार टाकणार? या एका प्रश्नावर निम्मी निवड ठरते.

डोंगर चढायचा असेल तर किपलाउफला तोड नाही. बोल्ट मागे-पुढे सरकायला जागा लागत नाही, त्यामुळे तेवढ्याच नळीची रायफल बरीच आखूड होते. वजन दुर्बिणीशिवाय अडीच किलोच्या आसपास. दोन तुकडे करून पाठपिशवीत जाते. मचाणाच्या अरुंद शिडीवरही हीच सोयीची.

हाक्यात मात्र दुसरा बार क्षणात हवा असतो, आणि तिथे दुनळीइतकं जलद काहीच नाही. दोन नळ्या, दोन चाप, मध्ये हाताची हालचाल शून्य. पण दुनळीचा पल्ला कमी धरायचा. हाक्यातली अंतरं सहसा पन्नास मीटरच्या आतबाहेर असतात, तेवढ्यासाठीच ती बनवलेली असते. दोनशे मीटरवरच्या गाम्ससाठी कुणी दुनळी सुचवली तर तिथून निघा.

पहिलीच रायफल असेल आणि मन दोन्हींत अडकलं असेल, तर माझं मत एकनळीच्या बाजूनं आहे. ती स्वस्त पडते, तिची अचूकता तपासायला सोपी असते, आणि एकच काडतूस आहे हे माहीत असल्यावर माणूस घाईनं चाप ओढत नाही.

## ३. काडतूस

जर्मन शिकार कायद्याच्या १९ व्या कलमात किमान ताकद ठरवून दिली आहे. रे हरणासाठी १०० मीटरवर किमान १००० जूल. रानडुक्कर, लाल हरीण, गाम्स अशा बाकीच्या खुरांच्या जनावरांसाठी गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर किमान २००० जूल. ५.६×५० आर मॅग्नम हे काडतूस घेतलंत तर रेपुरतं काम होईल, डुकरावर ते चालणार नाही.

बिजागरीच्या बंदुकीत शक्यतो ‘आर’ अक्षराचं, म्हणजे बुडाला कड असलेलं काडतूस घ्या. रिकामं काडतूस बाहेर काढणारा भाग या कडेला भक्कम धरतो. बिनकडेच्या काडतुसांसाठी तिथे छोटी स्प्रिंग लावलेली पकड असते. ती चालते, पण थंडीत, चिखलात, घाईत कडेचं काडतूस जास्त भरवशाचं.

एकनळीसाठी ६.५×५७ आर, ७×५७ आर, ७×६५ आर ही तीन नावं लक्षात ठेवा. दुनळीसाठी युरोपात ८×५७ आयआरएस आणि ९.३×७४ आर. यांची काडतुसं गावातल्या दुकानातही मिळतात. हलक्या किपलाउफमध्ये .३०० विन मॅग हे जोरकस काडतूस घालून विकतात खरं, पण अडीच किलोच्या रायफलीतून ते खांद्याला असं लागतं की चौथ्या बारापासून माणूस डोळे मिटायला लागतो. डोळे मिटले की नेम गेला.

दोन सापळे नीट वाचा.

पहिला आठ मिलिमीटरचा. ८×५७ आयआर आणि ८×५७ आयआरएस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. जुन्या आयआरच्या गोळीचा व्यास ८.०८ मिलिमीटर असतो, आयआरएसचा ८.२२. जुन्या अरुंद नळीत जाड गोळी मारली तर दाब धोकादायक वाढतो. जुन्या जर्मन लिपीत ‘आय’ हे अक्षर ‘जे’सारखं दिसतं, त्यामुळे ‘जेआर’ असंही वाचतात. मागे ‘एस’ आहे की नाही हे नळीवर, भिंगातून, स्वतः पाहा. शंका असेल तर बंदूककाराकडून नळी मोजून घ्या.

दुसरा सात मिलिमीटरचा. ७×५७ आर हे काडतूस ७×६५ आरच्या नळीतल्या लांब घरात, म्हणजे काडतूस बसायच्या जागेत, सरकून बसतं. बसलं म्हणजे ते त्या नळीचं झालं असं नाही. डब्यावरचं नाव आणि नळीवरचं नाव अक्षरागणिक जुळवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

## ४. एकनळीत काय पाहायचं

घोडा हातानं चढवायची सोय. चांगल्या आधुनिक किपलाउफवर अंगठ्याखाली एक सरकता खटका असतो. बार टाकायच्या क्षणी तो पुढे ढकलला की स्प्रिंग ताणली जाते, मागे घेतला की सैल. काडतूस आत असतानाही रायफल ताणरहित राहते. घसरड्या उतारावर चालताना यासारखा दुसरा दिलासा नाही. दुकानात हा खटका हातमोजे घालून चढवून-उतरवून बघा. काहींचा इतका कडक असतो की थंडीत बोटं बधिर झाल्यावर आवाज न करता चढत नाही.

चाप. थेट हलका चाप आहे की ताणून हलका करायचा ‘श्टेखर’ आहे, ते विचारा. हल्ली थेट चाप चांगले येतात. नवख्यानं तोच घ्यावा.

दुर्बिणीची बैठक. काढून परत बसवल्यावर नेम जागेवर राहतो का, हे रेंजवर करून दाखवायला सांगा. ब्लाझर कंपनीची खोगीर बैठक थेट नळीवर बसते आणि या बाबतीत नावाजलेली आहे. सूल या जर्मन गावातली जुनी हुकांची बैठक सुंदर असते, पण ती बसवायला कसबी माणूस आणि बराच पैसा लागतो. आणखी एक: दुर्बिणीचं मागचं टोक काडतुसाच्या घरावर येतं. मोठ्या, ५६ मिलिमीटरच्या दुर्बिणीखाली अंधारात बोटं घालून काडतूस भरता येतं का, ते करून बघा.

गरम नळी. किपलाउफची नळी बारीक असते. लागोपाठ बार टाकले की ती तापते आणि गोळी जागा बदलते. हा दोष धरू नका. रानात पहिली, थंड नळीतली गोळीच महत्त्वाची असते. म्हणून तपासताना दोन बारांमध्ये नळी पूर्ण गार होऊ द्या. आणि टेकवताना कधीही नळी टेकवू नका. पुढचा लाकडी भाग, तोही बिजागरीच्या जवळ, मऊ आधारावर. नळी कठड्यावर टेकवून मारलेला बार वर जातो आणि माणूस महिनाभर दुर्बिणीला दोष देत बसतो.

आवाज शोषणारी नळी. २०२० च्या दुरुस्तीनंतर यागडशाइनवर ती घेता येते. कानांसाठी आणि कुत्र्यासाठी घ्याच. नवीन रायफल घेत असाल तर ती बसवायला नळीच्या तोंडाला आटे पाडलेलीच मागा.

## ५. दुनळी: सगळं जुळणीवर

दुनळी रायफलीची किंमत लाकडात किंवा नक्षीत नसते. दोन नळ्या एकाच जागी गोळी नेऊन टाकतात की नाही, त्यात असते.

त्या दोन नळ्या समांतर नसतात. उजवी नळी उडते तेव्हा गोळी बाहेर पडायच्या आतच रायफल उजवीकडे आणि वर झुकू लागते. डावी उडते तेव्हा डावीकडे. म्हणून कारागीर नळ्यांची तोंडं मुद्दाम आतल्या बाजूला कलती बसवतो, म्हणजे झुकण्याची चूक आणि कलण्याची चूक एकमेकींना खातात. हे गणितानं पूर्ण बसत नाही. तो बार टाकतो, लक्ष्य बघतो, नळ्यांच्या तोंडाशी असलेली पाचर तापवून केसभर सरकवतो, गार करतो, पुन्हा बार टाकतो. एका रायफलीला असं कितीतरी वेळा करावं लागतं.

आणि हे सगळं होतं एका विशिष्ट काडतुसासाठी. गोळीचं वजन किंवा वेग बदलला की गोळी नळीत असण्याचा काळ बदलतो. वेग कमी झाला तर रायफल जास्त झुकते आणि गोळ्या दोन बाजूंना पांगतात. वेग वाढला तर एकमेकींना छेदून जातात. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: ही कोणत्या काडतुसावर, किती अंतरासाठी जुळवली आहे? नव्या रायफलीसोबत कारखान्याचा बार टाकलेला कागद येतो. त्यावर काडतुसाचं नाव नसेल तर तो कागद शोभेचा.

तपासणी अशी करा. त्याच काडतुसाचा डबा घ्या. पन्नास मीटरवर उजवी, आणि लगेच, रानात जेवढा वेळ लागेल तेवढ्यातच, डावी. मग रायफल उघडून ठेवा आणि हात लावून नळी पूर्ण गार लागेपर्यंत थांबा. घाई करणारा विक्रेता इथेच ओळखू येतो. अशा तीन जोड्या मारा. उजव्या नळीच्या तीन भोकांचा मध्य आणि डावीच्या तीन भोकांचा मध्य काढा. दोन्हींत पाचेक सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर मी ती रायफल घेणार नाही, लाकूड कितीही देखणं असो.

काही नव्या रायफलींत नळ्या पूर्ण लांबीभर डाखलेल्या नसतात, आणि तोंडाशी स्क्रूनं हलवता येणारी जुळणी असते. क्रीगहोफ कंपनीच्या ‘क्लासिक’ दुनळीवर ती मिळते. जास्त तापली तरी अशा नळ्या कमी वाकतात आणि काडतूस बदललं तर पुन्हा जुळवता येतात. ज्यांच्या राज्यात शिशाच्या गोळीला बंदी आहे त्यांच्यासाठी ही सोय लाखमोलाची. जुन्या दुनळ्या शिशाच्या गोळीवर जुळवलेल्या असतात. तांब्याची अखंड गोळी तेवढ्याच वजनाला जास्त लांब आणि कडक असते, ती वेगळीकडे जाते. तुमच्या राज्याचा नियम आधी वाचा, मग विक्रेत्याकडे बिनशिशाच्या गोळीनं काढलेला कागद मागा.

चाप दोन असलेले बरे. एका बाजूची कळ बिघडली तरी दुसरी स्वतंत्र असते.

## ६. दस्ता तुमच्या अंगाचा हवा

इथे आपल्या लोकांचं फार नुकसान होतं. जर्मन दस्ते चापापासून बुडापर्यंत साधारण छत्तीस-सदतीस सेंटीमीटरचे, आणि तेही उंच माणसाच्या हिशेबानं. बेताच्या उंचीच्या माणसाला ते लांब पडतात. मग जाड कोटावरून रायफल खांद्याला आणताना बूड काखेत अडकतं.

डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. दुर्बिणीतून पूर्ण गोल, काळी सावली नसलेलं चित्र दिसलं पाहिजे. मान ताणावी लागली तर दस्ता चुकीचा. हे हिवाळी कोट घालून करा. चांगला बंदूककार बूड कापून, रबर बदलून दस्ता आखूड करून देतो. हा खर्च किमतीत धरून भाव करा. डावखुऱ्यांनी गालाचा उंचवटा कोणत्या बाजूला आहे ते पाहायला विसरू नये.

## ७. जुनी घेताना

जुन्या बाजारात एरवी परवडणार नाही असा माल मिळतो. म्हणून वेळ द्या.

पुढचा लाकडी भाग काढा, नळ्या उलट्या करा. खाली, बिजागरीच्या लोखंडाशेजारी, तांदळाच्या दाण्याएवढ्या खुणा दिसतील. गरुडाखाली ‘एन’ म्हणजे धूररहित दारूनं नळीची दाबपरीक्षा झालेली. हरणाचं शिंग म्हणजे उल्म शहरातलं, ही परीक्षा घेणारं कार्यालय. शेजारी परीक्षेच्या सालाचा संकेत असतो, कधी आकड्यांत, कधी अक्षरांत: ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असं के म्हणजे ९ पर्यंत, मधलं जे सोडून. ‘आयजी’ दिसलं तर १९८६. रायफलीची ही परीक्षा नेहमीच्या कमाल दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाबानं घेतात. नळी बदलली किंवा घर खोदून मोठं केलं असेल आणि खूण जुनीच असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.

मग नळ्या बोटावर टांगून लाकडी दांड्यानं हळूच टिचकी मारा. डाख शाबूत असेल तर घंटेसारखा स्वच्छ नाद येतो. बद्द आवाज आला तर कुठेतरी डाख सुटला आहे. दुनळीचा डाख सुटला म्हणजे जुळणीही गेली.

पुढचा भाग न लावता रायफल बंद करा, दस्ता धरून नळी हलवा. टक-टक जाणवलं तर बिजागरी झिजली आहे. शेवटी नळी आतून बघा. आतले पिळदार आटे धारदार हवेत, काळे खड्डे नकोत.

लिलावांत कधी कधी हिंदुस्थानी संस्थानिकांसाठी बनवलेल्या ब्रिटिश दुनळ्या निघतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानात .४५० च्या काडतुसांवर बंदी घातली, म्हणून .४७० आणि .४६५ सारखी मापं पुढे आली. तो इतिहास मला फार प्रिय आहे. पण डुकराच्या हाक्यासाठी ती रायफल नव्हे, आणि तिच्या एकेका काडतुसाची किंमत ऐकून बसायला होतं.

## ८. कोणाची घ्यावी

एकनळीत इस्नीच्या ब्लाझरची के९५, सूलच्या मेर्केलची के मालिका आणि उल्मच्या क्रीगहोफची हुबेर्टुस. तिन्हींच्या नळ्या बदलता येतात. जवळचा बंदूककार ज्या कंपनीचं काम करतो ती घ्या, पुढची वीस वर्षं तोच उपयोगी पडणार आहे.

दुनळीत मेर्केल, क्रीगहोफ, ग्लाइखआमबेर्गची हाइम, आणि फ्रान्सात सँ-बोने-ल-शातोची शापुई. शापुईच्या ९.३×७४ आरच्या दुनळ्या हलक्या आणि चपळ असतात. हाक्यासाठी माझा कौल त्यांना.

हातानं बनवलेली हवी असेल तर ऑस्ट्रियातलं फेर्लाख. कॅरिंथियातल्या या छोट्या गावात शतकानुशतकं बंदुका बनतात, आणि बंदूककारीचं शिक्षण देणारी शाळाही तिथे आहे. तिथे माप देऊन रायफल करून घ्यायची तर वर्षावर वर्षं थांबायची तयारी ठेवा. नक्षीचे पैसे शेवटी, उरले तर द्या. नळीमागची साधी, करड्या पोलादाची पेटी आणि सरळ रेषांचं अक्रोड असलेली फेर्लाखची रायफल मला सोन्याच्या हरणांपेक्षा सुंदर वाटते.

## ९. घेतल्यानंतर

दुकानातून घरी नेताना रायफल रिकामी आणि कुलूपबंद पेटीत. नोंदीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवू नका.

बिजागरीच्या खिळीवर आणि नळी बंद धरणाऱ्या कुलपाच्या दातांवर बंदुकीच्या ग्रीसचा पातळ हात, दर हंगामाला जुना पुसून नवा. बंद करताना झटक्यानं ‘खट’ करू नका, सिनेमातली ती सवय बिजागरी खाते. रिकाम्या घरावर चाप ओढायचा सराव करायचा तर नकली काडतुसं घालूनच.

ज्या काडतुसावर नेम लावला त्याच डब्यांच्या गठ्ठ्याचा क्रमांक लिहून ठेवा आणि दुनळीसाठी त्याच गठ्ठ्यातले आणखी डबे घेऊन ठेवा. पुढचा गठ्ठा आला की पुन्हा जोड्या मारून बघायच्या.

भारतात ही रायफल नेण्याचा विचार सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिथे अशा शिकारीला वाव नाही, आणि आयातीला वेगळा परवाना लागतो. ऑस्ट्रियात किंवा फ्रान्सात निमंत्रण आलं तर युरोपीय शस्त्रपास लागतो. तो तुमचंच शस्त्र कार्यालय देतं, आणि नवी रायफल त्यावर वेगळी चढवून घ्यावी लागते. शरदाच्या तोंडावर कार्यालयात गर्दी होते, अर्ज जूनमध्येच टाका.